खंडेनवमीचं नरसाळं

विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत कोणाचं दही बिघडलं की वाटी इंगोल्यांच्या दाराशी यायची. दीपमाला इंगोलेचं विरजण फसत नाही अशी ख्यातीच होती. आर्वीहून लग्न होऊन पुण्याला येताना तिने माहेरचं विरजण डब्यात घालून आणलं होतं आणि तेच अजून चालू आहे असं ती सांगे. नवरा वैजनाथ भोसरीच्या कारखान्यात फिटर होता. तो म्हणे, "त्यापरीस सोनं आनलं असतं त?"

"थे त तुम्ही कवाचंच मोडलं असतं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

तिची नोकरीही एका अर्थी विरजणाचीच होती. बीएस्सीचं पहिलं वर्ष करून शिक्षण सुटलेलं. त्या बळावर एका संशोधन संस्थेत ती प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली होती. काम एकच. एका पेशीचं, नुसत्या डोळ्याला न दिसणारं हिरवं शेवाळ काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवायचं. महिना झाला की नळी म्हातारी होते. मग लूप, म्हणजे टोकाला फास असलेली बारीक तार, बर्नरवर लाल करायची, गार होऊ द्यायची, तिने शेवाळाचा ठिपका उचलायचा आणि नव्या नळीत सोडायचा. एका वाणाचा ठिपका दुसऱ्या वाणात जाता कामा नये. चौदा वर्षं गेला नव्हता. संस्थेतल्या कोणालाही विचारा, शेवाळाच्या खोलीबद्दल ते एवढंच सांगत: इंगोलेबाईंचं काम स्वच्छ.

तिचे साहेब म्हणजे डॉ. गोपाळकृष्ण आगाशे. राहायला कसबा पेठेत, बोलणं मोजकं, आणि बोलले तर चिमटा. पण शेवाळाचा विषय निघाला की माणूस बदलायचा. एकदा दुपारच्या चहाला त्यांनी दीपमालाला आपलं सगळं संशोधन समजावून सांगितलं होतं.

"बाई, पेशीत मायटोकाँड्रिया असतात. पेशीची वीजघरं म्हणा. या वीजघरांची स्वतःची थोडी जनुकं असतात. आपण खडकवासल्याच्या कालव्यातून जो वाण आणलाय, त्याच्या एका जनुकात मधोमध एक तुकडा येऊन बसलाय. त्याला इंट्रॉन म्हणतात. वीजघराला त्याचा काडीचा उपयोग नाही."

"मग पेशी त्याला हाकलत का नाही?"

"जनुक वाचल्यावर ती तेवढा भाग गाळून टाकते, त्यामुळे कोणाचं अडत नाही. पुण्यात नाही का, ओट्यावर बसलेल्या माणसाला वळसा घालून घरात जातात? पण हा तुकडा लबाड आहे. त्याच्या अंगातच एका कात्रीची कृती लिहिलेली आहे. कात्री म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम. दोन वाणांचं लग्न लागलं की दोघांची वीजघरं एका पेशीत येतात. मग ज्याच्याकडे तुकडा नाही, त्याचं जनुक ही कात्री नेमक्या त्याच जागी कापते. पेशी बिचारी घाबरते, तुटलेलं सांधायला घेते. सांधायचं कसं, ते शेजारच्या शाबूत जनुकात बघून उतरवते. उतरवताना तुकडाही उतरतो. झालं! पाहुणा दोन्ही घरांत."

"आणि ज्याच्यात आधीच तुकडा आहे, त्याला कात्री नाही लागत?"

"कापायची खूणच तुकड्याने दुभंगलेली. कात्रीला सापडणार कशी?"

दीपमालाला हे फार आवडलं. कालव्यातल्या वाणाला तिने नाव ठेवलं भरला, आणि पाषाणच्या तळ्यातून आणलेल्या, तुकडा नसलेल्या वाणाला रिकामा. पुढे सरही तीच नावं वापरू लागले. या दोघांचं लग्न लावून तुकडा खरंच दुसऱ्या घरात घुसतो हे दाखवायचं आणि तो शोध परदेशी नियतकालिकात छापायचा, असा बेत होता. "छापून येईल तेव्हा तुमचंही नाव घालू," सर त्या दिवशी उठता उठता म्हणाले.

सर विसरूनही गेले असतील. दीपमाला विसरली नाही. वैजनाथला सांगितलं, नणंदेला सांगितलं, विरजणाच्या वाटीबरोबर गल्लीतही ती बातमी गेली. साध्या सहायकाचं नाव शास्त्रज्ञांच्या ओळीत छापलेलं संस्थेत कोणी पाहिलं नव्हतं. ते एक नाव छापून आलं की बीएस्सीची राहिलेली दोन वर्षं भरून निघतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

आणि मग नव्व्याण्णव साली शेफाली आली.

शेफाली बाणेरची. वडील मच्छिंद्र शेतकरी. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या भिंतींची इमारत उभी होती आणि आत मुलं रात्रंदिवस अमेरिकेचे हिशेब करत होती. पोरगी एमएस्सी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. सरांनी तिला प्रकल्पावर घेतलं, कारण आता जनुकांची अक्षरं कॉम्प्युटरवर जुळवायची होती आणि सरांना स्वतःला माऊस धरता येत नव्हता. पहिल्या दिवशी वडील मोटारसायकलवर सोडायला आले आणि दारातूनच म्हणाले, "पोर लई हुशार हाय आमची. जरा सांभाळून घ्या."

दीपमालाने सांभाळून घेतलंही असतं. पण शेफालीबरोबर कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून शेवाळाच्या खोलीतला एसी काढून कॉम्प्युटरच्या खोलीत बसवला. ऐन एप्रिलात. शेवाळाच्या खोलीला टेबलफॅन मिळाला. दीपमालाने खिडकीला ओलं पोतं लावलं, दर तासाला त्यावर पाणी मारलं, तरी नळ्यांची हिरवाई पिवळी पडायला लागली. भिंतीपलीकडे आपला एसी घरघरताना तिला ऐकू यायचा. माहेरची गाय दुसऱ्याच्या गोठ्यात हंबरावी तसं वाटायचं.

"शेवाळ काय, तळ्यातही जगतं," सर म्हणाले. "कॉम्प्युटर तळ्यात जगत नाही."

दुसरी गोष्ट बोलण्याची. शेफाली सरांना सर म्हणे, शेजारच्या विभागातल्या बाईंना मॅडम म्हणे आणि दीपमालाला मावशी. प्रेमानेच म्हणे. पण पुण्यात मावशी कोणाला म्हणतात हे दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. फरशी पुसणारीला आणि डबे पोचवणारीला. पोरीचं हसणं, तिची स्कूटी, सरांनी तिला दिवसातून दहा वेळा मारलेली हाक, सगळं तिच्या डोळ्यांत खुपू लागलं. शेफालीने एकदा घरच्या म्हशीचा खरवस आणला. सगळ्यांनी वाहवा केली. दीपमालाने एक वडी तोंडात टाकली. इतका चांगला खरवस तिला स्वतःला कधी जमला नव्हता. त्याचाही तिला राग आला.

घरी ती वैजनाथला म्हणाली, "थो इंट्रॉन सांगितला होता ना तुमाले, तशीच हाय थे पोरगी. कोणी बलावलं नाही, आन् मधोमध येऊन बसली."

वैजनाथ पावाचा तुकडा चहात बुडवत होता. "आन् कात्री कोनाले लागते म्हनत होती तू? जो रिकामा हाय त्यालेच ना? मंग तू काहून तडफडून राह्यली?"

त्या संध्याकाळी वैजनाथला भाजी मिळाली नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. या दिवशी कारखान्यात यंत्रं पुजतात, तशी प्रयोगशाळेतही उपकरणं पुजायची दीपमालाची पद्धत होती. लूप, चिमटे, बर्नर लाल फडक्यावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. पुजलेल्या हत्याराला मग दिवसभर हात लावायचा नाही. नारळ दरवर्षी तिच्या खोलीत फुटायचा. या वर्षी सरांनी तो कॉम्प्युटरपुढे फोडला. शेफालीने पडद्यावर झेंडूची माळ चढवली, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि माळ जरा बाजूला सारून पुन्हा टकटक सुरू केली.

"अगं, पुजलंस ना? मग आज चालवायचा नसतो तो," दीपमाला म्हणाली.

"मावशी, हे काय हत्यार आहे का? आणि मला उद्या रिकामा आणि भरला दोन्हींचे ताजे फ्लास्क हवेत हं. आज लावाल ना?"

"आज लूपला हात लागणार नाही."

सर दारातूनच म्हणाले, "जाऊ दे शेफाली. एकविसाव्या शतकात आपण दोघंच जाऊ. बाई मागून येतील, लूप उठली की."

शेफाली हसली. तिचं हसणं साधं होतं, पण दीपमालाच्या ते जिव्हारी लागलं. खोलीत परत आल्यावर ती बराच वेळ लाल फडक्यासमोर उभी राहिली. पुजलेली लूप उचलणं तिच्याने होईना. मागे राहिली म्हणवून घेणंही होईना. मग तिच्या मनाने वाट काढली. कपाटात वाफवून निर्जंतुक केलेलं एक काचेचं नरसाळं होतं. नरसाळं हे भांडं. भांड्याला कुठे पूजा असते? तिने भरल्याची नळी नरसाळ्यातून पहिल्या फ्लास्कमध्ये ओतली. तेच नरसाळं निथळू दिलं, झटकलं आणि रिकाम्याची नळी दुसऱ्या फ्लास्कमध्ये ओतली. लूप दोन वाणांच्या मध्ये तिने हजारो वेळा लाल केली होती. पण नरसाळं बर्नरवर धरतात कुठे? आणि बर्नर तर झेंडूखाली झोपलेला. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही फ्लास्क शेफालीच्या टेबलावर असे ठेवले की त्यांचा आवाज व्हावा.

पुढचे दोन महिने दीपमालाने एका आशेवर काढले. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं वर्तमानपत्रं छापत होती. नव्या सालाच्या पहिल्या कामाच्या दिवशी ती लवकरची बस पकडून आली आणि काही ना काही निमित्त काढून शेफालीच्या खोलीत रेंगाळली. शेफालीने बटण दाबलं. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा दोन क्षण लवकरच सुरू झाला.

आणि त्याच महिन्यात शेफालीचं नशीब फळफळलं.

झालं असं. लग्न लावण्याआधी दोन्ही वाण तपासून घ्यायचे असतात. जनुकाचा तो भाग वाढवून जेलीच्या पातळ थरात विजेने पळवला की पट्टी उमटते: रिकाम्याची आखूड म्हणून पुढे पळालेली, भरल्याची लांब म्हणून मागे रेंगाळलेली. शेफालीने तपासलं तर रिकाम्याच्या रकान्यात दोन्ही पट्ट्या. तिने त्या फ्लास्कमधल्या पेशी एकेक करून वेगळ्या वाढवल्या. त्यातल्या कितीतरींची बाकी सगळी लक्षणं रिकाम्याची होती, पण पोटात तुकडा होता!

"सर, लग्न लावलंच नाही आपण! तरी तुकडा गेला!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे पाहुण्याला आता लग्नाचीही गरज नाही. शेफाली, हे कोणीच दाखवलेलं नाही."

त्यांनी चक्क पेढे मागवले. बेंगळुरूच्या परिषदेत शेफालीने हे मांडायचं ठरलं. विमानाने जायचं. बाणेरहून मच्छिंद्रराव सरांचे पाय धरायला येऊन गेले.

पेढा दीपमालाच्या हातात तसाच राहिला. 'लग्न लावलंच नाही' हे शब्द ऐकले त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ते नरसाळं आलं होतं. त्याच्या नळीला चिकटलेला तो हिरवा थेंब तिने पाहिला नव्हता, पण आता तो तिला पाटीवरच्या अक्षरासारखा दिसत होता. लग्न लागलं होतं. तिनेच लावलं होतं, झेंडूच्या साक्षीने.

गप्प बसलं तर काहीच बिघडत नव्हतं. शोध मोठा ठरला होता, तिचं नाव त्यावर येणारच होतं, स्वच्छ कामाची ख्यातीही शाबूत राहणार होती. बोललं तर दोन्ही जाणार. ती चार दिवस गप्प बसली. पण त्या चार दिवसांत शेफालीने विमानात खिडकी मिळेल का म्हणून विचारून झालं, नवा ड्रेस सगळ्यांना दाखवून झाला, संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. दीपमालाला वाटलं, ही मिरवतेय काय? माझी चूक मिरवतेय! माझ्या नरसाळ्यावर बसून ही विमानाने चाललीय! चूक झाली ती झाली, पण तिचं कौतुक या पोरीचं व्हावं? हे तिला सोसेना. खरं सांगायचं तर सत्याची चाड वगैरे तिच्या मनात काही नव्हतं. पोरगी उताणी पडलेली बघायची होती, एवढंच.

पाचव्या दिवशी दुपारच्या चहाला, सगळे असताना, ती उभी राहिली.

"सर, ते लग्नाशिवाय वगैरे काही नाही. खंडेनवमीला मी दोन्ही वाण एकाच नरसाळ्यातून ओतले. आधी भरला, मग रिकामा."

सरांनी कप खाली ठेवला.

"नरसाळ्यातून," ते म्हणाले.

"लूप पुजलेली होती."

"अच्छा. म्हणजे हत्याराला विश्रांती आणि अकलेलाही." मग कप दूर सारून, "बाई, चौदा वर्षं तुमच्या खोलीत मी कधी डोकावलोसुद्धा नाही. तशी गरजच वाटली नाही मला." हे त्यांनी चिमटा न काढता म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दीपमालाने मान वर करून शेफालीकडे पाहिलं. याच क्षणासाठी तर ती बोलली होती. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलले. आता रडेल, दीपमालाला वाटलं. शेफाली उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने दीपमालाचे दोन्ही हात धरले.

"मावशी, तिथे भर सभेत कोणी हेच विचारलं असतं तर? माझं तोंड कायमचं काळं झालं असतं हो. बाबांना काय सांगितलं असतं मी? तुम्ही वाचवलंत मला."

दीपमालाला हात सोडवून घेता येईनात. नाक कापायला निघालेली बाई आशीर्वाद देऊन बसली होती. आता 'मी तुला वाचवायला बोलले नव्हते' हेही सांगता येत नव्हतं.

"आणि माझ्या नावाचं?" जाता जाता तिने सरांना विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

"नाव कशावर घालू, बाई? आधी काही छापण्यासारखं राहिलंय का बघू."

राहिलं होतं. रिकाम्याची नळी खंडेनवमीला पूर्ण ओतली गेली होती आणि पुढच्या सगळ्या नळ्या त्याच भेसळीच्या फ्लास्कमधून लावलेल्या होत्या, पण दीपमालाची एक सवय कामी आली. नवी नळी लावली तरी जुन्या चार-सहा पिढ्या ती फेकत नसे. मागच्या फळीवर आजी आणि पणजी म्हणून ठेवून देई. खंडेनवमीच्या आधीची रिकाम्याची पणजी तिथे अर्धी वाळलेली, तपकिरी पडलेली सापडली. दीपमालाने लूप लाल केली, गार केली, तळाचा चिमूटभर गाळ नव्या नळीत सोडला. आठवडा गेला, पाणी पाण्यासारखंच. शेफाली रोज सकाळी येऊन नळीकडे बघायची, दीपमाला शेफालीकडे. मग एका सकाळी नळी उजेडात धरली तर काचेवर हिरवी झाक. तपासलं तर पट्टी एकच, आखूड, स्वच्छ.

मग दोन वाणांचं रीतसर लग्न लागलं, आणि सर म्हणाले होते तसंच झालं. जन्मलेल्या सगळ्या पिढीत तुकडा. बेंगळुरू हुकलं, विमान हुकलं. शोध लहान होता, असलाच प्रकार इतरांनी दुसऱ्या शेवाळांत दाखवलेला होता. पण पाषाणच्या तळ्यातल्या वाणात तो पहिल्यांदाच, आणि खरा.

पावसाळा संपता संपता शेफाली लेख टाइप करायला बसली. मध्येच तिने हाक मारली.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

दीड वर्ष एका छताखाली काढून पोरीला नाव ठाऊक नव्हतं. दीपमालाच्या डोक्यात तिडीक गेली. "कशाला हवंय?"

"इथे घालायला. पहिलं माझं, मग तुमचं, शेवटी सरांचं. सर म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर घाल. मी म्हटलं, वाण त्यांचा, भेसळ त्यांची, पणजीही त्यांचीच, मग नाव कोणाचं?"

दीपमालाने नाव सांगितलं. पडद्यावर ती अक्षरं एकेक करून उमटताना ती खुर्चीच्या मागे उभी राहून बघत होती. कितीतरी वर्षं ती या ओळीची वाट बघत होती. ओळ पुरी झाली आणि तिने आधी आपल्या अलीकडचं नाव वाचलं. पहिलं शेफालीचं. आपलं दुसरं. संध्याकाळी वैजनाथने गल्लीत पेढे वाटले. "दुसरं म्हनजे मधलं," तो म्हणाला. "दोघांच्या मधोमध. तुकडा बसते तिथंच." या वेळी त्याला भाजी मिळाली.

मग पुन्हा खंडेनवमी आली. शेफाली सकाळी आली तर कॉम्प्युटरची वायर काढलेली. कीबोर्ड आणि माऊस लाल फडक्यावर, हळदकुंकवाने माखलेले. पडद्यावर झेंडूची माळ. आणि खोलीभर टेबलांवर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर शेवाळाच्या नळ्यांचे स्टँड. मध्ये दीपमाला, पदर खोचून.

"मावशी, हे काय?"

"आज हत्यार चालणार नाही. गेल्या वर्षी काय झालं, आठवतंय ना?"

"पण चूक नरसाळ्याची होती!"

"मग पुढल्या वर्षी नरसाळंही पुजू."

"आणि एसी? तो नाही पुजला?"

"नाही पुजला. तो चालू राहू दे," दीपमाला म्हणाली आणि एसीच्या बरोबर समोरच्या, शेफालीच्या खुर्चीत बसली. खोलीभर हिरवे उभे पट्टे गारव्यात चमकत होते. सर दारात आले, बघितलं आणि तसेच परत गेले.

शेफाली हसत सुटली. मग स्टूल ओढून शेजारी बसली आणि पिशवीतून डबा काढला. म्हैस व्यायली होती, खरवस होता. दीपमालाने एक वडी घेतली, जिभेवर फिरवली, भिंतीकडे बघत गिळली.

"साखर जास्त झाली," ती म्हणाली आणि दुसरी उचलली.